कात्रीचा कर्ता कोण?

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आमच्या घरी अंदाजपत्रक मांडले जाते. अर्थमंत्री मी, आणि विरोधी पक्ष म्हणजे आमची सौभाग्यवती. यंदा मुलीच्या फीचा आकडा पाहून मी वहीत गंभीरपणे लिहिले, 'भांडीवाल्या मावशींची दिवाळीची पोस्त गेल्या वर्षीप्रमाणेच निम्मी करण्यात येत आहे.'

तिने वही उचलून वाचली. "अहो, करण्यात येत आहे म्हणजे? कोण करतंय?"

पंधरा-वीस वर्षे मी वर्गात मुलांना वाक्यातला कर्ता शोधायला शिकवतो आहे, आणि कात्री स्वतःच्या हाती येताच मीच कर्त्याला दाराआड उभे केले होते! सरकारी परिपत्रके वाचून ही सवय लागली असावी. 'पद रद्द करण्यात येत आहे', 'खर्चास कात्री लावण्यात येत आहे.' लावतो कोण, ते वाक्य सांगत नाही. आणि ती कोणाला लागते, हे तर मुळीच नाही.

मी बाजू सावरण्यासाठी इतिहासात शिरलो. काटकसर करणे कधी कधी भागच पडते, हे मला तिला पटवायचे होते. दाखला सापडला तो १९३१ सालच्या विलायतेतला, आणि तो माझ्यावरच उलटला.

मंदीचे दिवस होते. तिजोरीत खड्डा पडला होता, हे काही खोटे नव्हते. जुलैअखेर सर जॉर्ज मे यांच्या समितीने सांगितले, ९ कोटी ६५ लाख पौंडांची काटकसर करा. त्यांतले ६ कोटी ६५ लाख काढायचे कुठून? बेकारांच्या विम्यातून! ज्याला काम नाही, त्याच्याच ताटातून दोनतृतीयांशांहून अधिक. बेकारांच्या भत्त्याला हात लावायचा की नाही, यावर मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ फुटले. रॅम्से मॅकडोनल्ड यांनी इतर पक्षांना बरोबर घेऊन नवे सरकार बनवले, आणि सप्टेंबरात कात्री चालली. बेकार पुरुषाचा आठवड्याचा भत्ता १७ शिलिंगांवरून १५ शिलिंग ३ पेन्सांवर आला. शिक्षकांचे पगार १५ टक्क्यांनी कापायचे ठरले. आरमारात जुन्या वेतनश्रेणीतल्या खलाशाचा रोज ४ शिलिंगांवरून ३ शिलिंग, म्हणजे चौथा हिस्सा गेला. बड्या अधिकाऱ्यांची कपात टक्क्यांच्या हिशेबाने याहून पुष्कळ कमी होती.

स्कॉटलंडातल्या इन्व्हरगॉर्डनला नांगरलेल्या ताफ्यावरच्या खलाशांना ही वार्ता कळली ती वर्तमानपत्रांतून. १५ सप्टेंबरला त्यांनी जहाजे हलवायला नकार दिला. सरकार हादरले. खलाशांची आणि शिक्षकांची कपात १० टक्क्यांवर आणण्यात आली. (चुकलो. सरकारने आणली.) पुढे काही खलाशांना नौदलातून काढलेही. बेकारांपाशी अडवून धरायला जहाजे नव्हती. त्यांचे पावणेदोन शिलिंग गेले ते गेलेच. आणि गंमत पाहा, पौंडाचे सोन्यातले मोल टिकावे म्हणून हा सारा खटाटोप चालला होता. ते सुवर्णपरिमाण सरकारने २१ सप्टेंबरलाच सोडून दिले. भत्त्यातली कपात मात्र १९३४ पर्यंत टिकली.

"विलायतेला कशाला जायला हवं?" ही म्हणाली. ते खरेच होते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने ठरवले की, अनुदानित शाळांतल्या शिपायांच्या जागा रिकाम्या झाल्या की त्या भरायच्या नाहीत. त्याऐवजी शाळेला ठोक शिपाई भत्ता द्यायचा. खेड्यातल्या शाळेसाठी महिना ५,००० रुपये. आता घंटा देणे, वर्ग झाडणे, पाणी भरणे ही कामे काही शासननिर्णयाने रद्द होत नाहीत. तेवढ्या पैशांत कोणी मिळाला तर तो ती करणार. नाही मिळाला तर गुरुजी, नाहीतर पोरे. सरकारी खात्यावर बचत दिसते, आणि झाडू एका हातातून दुसऱ्या हातात जातो. त्या हाताची नोंद कुठल्याच खात्यावर नसते.

एवढे बोलून मी थांबलो. मला वाटले, व्याख्यान रंगले. हिने शांतपणे विचारले, "मग गेल्या वर्षीची निम्मी पोस्त कोणाच्या अंगावर पडली, सांगा पाहू."

"मावशींच्या," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"नाही. त्यांना मी पुरी दिली होती. राहिलेली निम्मी माझ्या साडीच्या पैशांतून घातली."

वर्षभर ती बचत माझ्या वहीत दिमाखाने जमेला बसली होती. मावशी काही बोलल्या नाहीत, तेव्हा त्यांना ती जड गेली नसावी, असे मी सोयीस्करपणे धरून चाललो होतो. बोलल्या नव्हत्या, कारण त्यांची कपात झालीच नव्हती. जिची झाली, तीही बोलली नव्हती. आणि दिवाळीत ती जुन्याच साडीत वावरली, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

मी ते वाक्य खोडले. खाली लिहिले, 'मी मावशींना पूर्ण पोस्त देईन. मी यंदा नवा कोट शिवणार नाही. मी दोन दिवाळी अंक कमी घेईन.' (संपादकांनी घाबरू नये. त्यांचा अंक यादीत आहे.) तिन्ही वाक्ये सरळ कर्तरी. लिहिताना हात जरा जड झाला, हे कबूल करतो.

हिने वाचून वही मिटली नाही. पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. मग मी चौथे वाक्य लिहिले, 'मी हिची एक साडी देणे आहे.'