अडतीस मोठे कीं एकावन्न ?

पिंपरी पेंढार गांवीं कांद्याची निवड चालली असतां आम्हीं दुसरीच्या वर्गांतील एका मुलीस सहज विचारलें, "बाळ, अडतीस मोठे कीं एकावन्न ?" पाटी जवळ नव्हती म्हणून तिनें बोटानें मातींत ३८ व ५१ असे दोन आंकडे काढले, क्षणभर पाहिलें आणि म्हणाली, "अडतीस." कां ? तर त्यांत आठ आहे, आणि आठाहून मोठा आंकडा पलीकडे नाहीं. तिची आई मान वर न करतां म्हणाली, "रोज साळंत जाती, तरी असं."

मुलगी मठ्ठ असेल असें वाचकांस वाटेल. तसें नव्हतें. आम्हीं तिच्यापुढें एकीकडे दहाच्या तीन नोटा व आठ सुटे रुपये ठेविले, दुसरीकडे दहाच्या पांच नोटा व एक रुपया ठेविला, आणि हवें तें घे म्हटलें. तिनें निमिषमात्र विचार न करतां पांच नोटांवर हात ठेविला ! म्हणजे जें ज्ञान दुकानांत तेल-मीठ आणतांना तिच्या अंगीं आलें होतें, तें शाळेंतील आंकड्यांस कोणीं जोडून दिलें नव्हतें. दोष मुलीचा नव्हे, शिकविण्याचा आहे.

आमच्या शाळांतून फिरतांना आम्हांस बहुधा एकच प्रकार दिसतो. गुरुजी सांगतात, "डावीकडचा आंकडा ज्याचा मोठा, ती संख्या मोठी." मुलें तें घोकतात. अर्थ न सांगतां मंत्र म्हणविण्याची ही चाल आमच्या बहुजन समाजास नवी नाहीं. लग्नांत व श्राद्धांत ती आम्हीं पिढ्यान्‌पिढ्या सोसली. पण या मंत्राची परीक्षा पाहावयाची असेल तर त्याच मुलांस ९ आणि १२ यांतील मोठी संख्या विचारावी. डावीकडे एकीत नऊ, दुसरीत एक. मंत्र खरा मानणारें मूल नऊ मोठे म्हणणार, आणि तें नियमास धरूनच बोललें असें आम्हीं म्हणूं !

खरी गोष्ट इतकीच आहे कीं, दहा सुट्या काड्या झाल्या कीं त्यांची एक जुडी बांधावयाची. मग सुट्या काड्या नऊपेक्षां जास्त कधींच उरत नाहींत, आणि नऊ काड्यांनीं एक जुडी भरत नाहीं. म्हणून जिकडे जुडी एक जरी जास्त, तिकडे संख्या मोठी. दुसरीकडे सुट्या किती आहेत हें पाहण्याचें कारणच नाहीं. जुड्या सारख्या निघाल्या तरच सुट्या मोजाव्या. ४९ व ५० यांत शून्य पाहून मुलें बिचकतात. पण पांच जुड्या हातांत दिल्यावर कोणतें मूल बिचकेल? नऊमध्यें एकही जुडी नाहीं, बारामध्यें एक आहे, एवढ्यानें वरचा घोटाळाही मिटतो. यास खर्च काय ? तुरीच्या काड्या व सुतळीचा तुकडा. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून शेकड्यानें विकणाऱ्या जुन्नर तालुक्यांतील मुलांस जुडी म्हणजे काय हें सांगण्यास मुंबईहून तज्ज्ञ बोलवावयास नको.

आतां एक अडचण मराठी भाषेची आहे, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. लिहितांना आपण ५३ मध्यें पांच आधीं लिहितों, पण बोलतांना 'त्रेपन्न' म्हणून तीन आधीं उच्चारतों. ज्याच्या कानांत तीन आधीं पडला तें मूल ३५ लिहून बसतें, यांत नवल तें काय ? ४९ ला तर आपण पन्नासांत एक उणा म्हणतों ! आमचे कानडी व तेलुगु शेजारी वीस आधीं म्हणून मग एक म्हणतात. त्यांच्या मुलांस हा फेरा पडत नाहीं. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत 'पन्नास तीन', 'साठ दोन' अशी वाचनाची सोपी रीत जुन्या नांवांच्या जोडीस दिली, तेव्हां केवढा गहजब झाला ! विधानसभेंत थट्टा झाली, वर्तमानपत्रांतून मराठी बुडाल्याचे गळे निघाले. गणित समितीच्या अध्यक्षा कै. मंगला नारळीकर यांनीं जुनीं नांवें काढलेलीं नाहींत, मुलांस सोपें जावें म्हणून ही जोड दिली आहे, असें समजावून सांगितलें. पण हंसणारांस ऐकावयाचें नव्हतें. आम्ही विचारतों, हंसलें कोण ? ज्यांच्या घरीं आई-आजीच्या मांडीवर मूल शंभरपर्यंत म्हणून शाळेंत येतें, ते. ज्या ठाकर, कातकरी अथवा ऊसतोड्याच्या घरांतून मूल आंकडा न ऐकतां येतें, त्यास कोणीं विचारलें नाहीं. 'त्रेपन्न' हा शब्द बाजाराचा आहे, तो मुलास आलाच पाहिजे, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु आधीं पन्नास-तीन समजूं द्या, मग त्यासच त्रेपन्न म्हणतात हें सांगा.

आमच्या तालुक्याचा अंकांशीं संबंध फार जुना आहे. नाणेघाटांतील सातवाहनकालीन लेख हा भारतांतील अंकांच्या अतिप्राचीन लेखांपैकीं एक होय. त्यांत यज्ञांच्या दक्षिणेंत किती गाई व किती कार्षापण दिले याची नोंद आहे. म्हणजे येथील अंक प्रथम कोतरले गेले तेही दक्षिणेच्या हिशेबासाठींच! त्या काळीं शंभराची खूण निराळी, दहाची निराळी, सातांची निराळी. सतरा लिहावयाचे तर दहाची व सातांची खूण शेजारीं मांडीत. तोच पांच एका घरांत पांच आणि दुसऱ्या घरांत पन्नास, ही युक्ति पुढें निघाली. जाणत्या माणसांस जी युक्ति सांपडण्यास शतकें लागलीं, ती सात वर्षांच्या मुलास एका वाक्यांत घोकवून येईल अशी अपेक्षा करणें हा केवळ आळस होय.

कोणी म्हणतील, एवढ्याशा गोष्टीसाठीं अग्रलेख कशास ? त्यांनीं १८७५ चा मे महिना आठवावा. सुप्याच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, तीं खतें त्यांस वाचतां येत नव्हतीं. जोतीराव फुले यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें, त्यांत रयतेच्या करावर वरच्या वर्गाचें शिक्षण चालतें व रयतेचीं पोरें अडाणी राहतात, हेंच गाऱ्हाणें होतें. आज सावकाराचें खत गेलें, आडतीची पट्टी आली. ओतूर-आळेफाट्यास कांद्याचा भाव दहा किलोवर निघतो. ५३ किलोची गोणी चुकून ३५ लिहिली गेली आणि भाव दोनशें रुपये असला, तर एका गोणीमागें ३६० रुपये गेले. मोबाईलांत हिशेबाचें यंत्र आहे म्हणावें, तर त्यांत ३५ घातले म्हणजे तें ३५ चाच गुणाकार करणार. (जातां जातां सांगतों : दोन अंकांची अशी अदलाबदल झाली कीं फरकास नवानें नेहमीं पुरा भाग जातो. येथें अठरा आले. पट्टींत असा फरक दिसला तर वजनाची चिठ्ठी मागावी.)

सरकारनें जुलै २०२१ मध्यें 'निपुण भारत' काढून पहिलीच्या मुलास ९९ पर्यंतच्या संख्या वाचतां-लिहितां याव्या असें ठरविलें आहे. वाचतां येणें आणि समजणें यांत अंतर किती, तें त्या मुलीच्या मातींतल्या आंकड्यांनीं आम्हांस दाखविलें.

शेतकरी बंधुभगिनींनो, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या बायका असतात. ती समिति चहा पिऊन सह्या करण्यासाठीं नाहीं. पुढच्या बैठकीस जातांना खिशांत तुरीच्या काड्या घेऊन जा. दुसरीच्या पांच मुलांस समोर बोलावून ९ व १२, ३८ व ५१, ४९ व ५० विचारा. उत्तर बरोबर आलें तरी थांबूं नका, "कां ?" म्हणून विचारा, आणि काड्या त्यांच्या हातीं द्या. गुरुजींवर रागावूं नका. त्यांसही बहुधा असेंच घोकवून शिकविलें असेल. जीं मुलें जुडी दाखवितील त्यांचीं व जीं आठाकडे बोट दाखवितील त्यांचीं संख्या मोजून आम्हांकडे लिहून पाठवा. मुलांचीं नांवें नकोत, गांवाचें पुरे.