घोंगडीची किंमत



एखादें काम दिवसेंदिवस रेंगाळलें म्हणजे ‘अमक्याचें भिजत घोंगडें पडलें आहे’ असें आपण सहज बोलून जातों. परंतु घोंगडी भिजली म्हणजे किती जड होते व वाळावयास किती वेळ घेते, हें प्रत्यक्ष पाहिलेलीं मुलें आतां वर्गांत फारशीं आढळत नाहींत. म्हण राहिली, वस्तु घरांतून गेली. केवळ त्याबद्दल हळहळावें म्हणून हा लेख लिहीत नाहीं. आपल्या घरांत जी वस्तु अंथरतों वा पांघरतों, ती करणाऱ्याच्या हातीं आपण काय ठेवतों, हा माझा प्रश्न आहे. आणि त्याचा आरंभ माझ्याच एका चुकीपासून करणें मला प्राप्त आहे.

मी मूळचा भूमकडचा. कांहीं वर्षांपूर्वीं सुटींत गांवीं गेलों असतां आठवड्याच्या बाजारांत एक वृद्ध विणकर तीन काळ्या घोंगड्या पुढें ठेवून बसलेले दिसले. बैठकीच्या खोलींतील लांकडी बांकावर अंथरावयास एखादी शोभेल, असें मनांत आलें. त्यांनीं किंमत सांगितली व मीं घासाघीस आरंभिली. दोनदां उठून चालूं लागलों, दोनदां परत आलों. ऊन कलतें झालें होतें. शेवटीं ते म्हणाले, “गुरुजी, आता परत घराकडं न्यायची व्हय? द्या काय द्यायचं ते.” सांगितल्याहून तीनशें रुपये कमी देऊन मी मोठ्या समाधानानें घरीं आलों. रात्रीं माझ्या मुलीनें विचारलें, “पप्पा, ही करायला त्यांना किती दिवस लागले?” मला उत्तर देतां आलें नाहीं. जिच्या किंमतीसाठीं अर्धा तास वाद घातला, तिच्यांत श्रम किती आहेत, हें मीं एका शब्दानेंहि विचारलें नव्हतें.

पुढें चौकशी केली तेव्हां समजलें. दख्खनी मेंढीची लोकर धनगर कातरतात. ती निवडून व पिंजून चरख्यावर सूत काढण्याचें काम बहुधा घरच्या स्त्रिया करितात. मग सणगर विणकर ताण्यास चिंचोक्यांची खळ देतो, कुंच्यानें ती सारखी करितो, ताणा उन्हांत वाळवितो आणि खड्ड्याच्या मागावर बसून विणूं लागतो. काळ्या मेंढीच्या लोकरीस रंगहि द्यावा लागत नाहीं. इतक्या हातांतून आलेल्या वस्तूची किंमत आपण बाजारांत तोडली, म्हणजे समोर बसलेल्या एकाचेंच नव्हे, तर जिला आपण पाहिलेंहि नाहीं अशा सूत काढणाऱ्या बाईचेंहि वेतन तोडतों.

याचा परिणाम माळावरहि दिसतो. लोकरीचा भाव इतका उतरला आहे कीं पुष्कळ ठिकाणीं कातरणीचा खर्चसुद्धां निघत नाहीं व लोकर टाकून द्यावी लागते. मेंढपाळ तरी काय करणार? जत तालुक्यांतील माडग्याळ मेंढीसारखी मांसासाठीं चांगली, पण अंगावर लोकर फारशी नसलेली जात ते पाळूं लागले. उद्यां आपण घोंगडी मागूं, तेव्हां पैसे असतील, पण लोकर नसेल.

कोणी म्हणेल, “स्वस्त ब्लँकेट मिळत असतां महाग घोंगडी कां घ्यावी?” हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पानिपत येथें देशोदेशींचे जुने लोकरी कपडे पिंजून पुन्हां सूत काढतात व त्याचीं ब्लँकेटें विणतात. टाकाऊ वस्तु उपयोगांत आणणारा हा उद्योग आहे, आणि थंडींत कुडकुडणाऱ्या गरिबाच्या अंगावर त्यामुळें पांघरूण आलें आहे. त्यास नांवें ठेवण्याचा अधिकार मला नाहीं. अलीकडचीं मऊ, चकाकणारीं पॉलिएस्टरचीं ब्लँकेटें मात्र खनिज तेलापासून होतात. धुतांना त्यांचे सूक्ष्म तंतु पाण्यांत जातात व फाटल्यावर तीं मातींत कुजत नाहींत. तथापि ज्याच्याजवळ दोनशें रुपयेच आहेत त्यास मी उपदेश करणार नाहीं. माझें बोलणें, देऊं शकत असूनहि न देणाऱ्यांशीं, म्हणजे प्रथम माझ्याशींच आहे.

दुसरी चूक याच्या उलट आहे. दया आली म्हणून एक वस्तु घ्यावी, भिंतीवर टांगावी, पाहुण्यांस दाखवावी व विणकरास विसरून जावें. अशा दयेनें माग चालत नाहीं. विणकरास भिक्षा नको, काम हवें. आणि तेंहि वर्षभर पुरणारें. पूर्वींच्या बलुतेपद्धतींत कारागिरास धान्य मिळे हें खरें, पण आपल्या श्रमाचें मोल सांगण्याची मोकळीक त्यास नव्हती. तें जन्मावरून ठरलेलें असे. म्हणून जुन्या व्यवस्थेकडे परत जाणें हाहि मार्ग नव्हे.

मार्ग इतरत्र लोकांनीं शोधला आहे. १९४६ सालीं एड्ना रूथ बायलर या अमेरिकन मेनोनाइट बाई पोर्टो रिको बेटावर गेल्या असतां तेथील गरीब स्त्रियांचें भरतकाम त्यांनीं पाहिलें. तें त्यांनीं आपल्या देशांत नेऊन ओळखीच्या लोकांस विकलें व पैसे त्या स्त्रियांस पोहोंचविले. अशाच प्रयत्नांतून ‘न्याय्य व्यापार’ ही चळवळ वाढली. आज तिच्या जागतिक संघटनेनें दहा तत्त्वें घालून दिलीं आहेत. किंमत उभयतांच्या संमतीनें ठरावी; हस्तव्यवसायाची मागणी नोंदवितांना कारागिरानें मागितल्यास निदान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी; मुलांस राबवूं नये; स्त्रीस समान वेतन मिळावें, हीं त्यांपैकीं कांहीं होत. आगाऊ रकमेचें महत्त्व मला त्या बाजारांतील कलत्या उन्हानें शिकविलें. संध्याकाळपर्यंत वस्तु विकली नाहीं तर चूल कशी पेटेल, ही ज्यास चिंता, तो किंमत ठरवूं शकत नाहीं.

हा प्रश्न चार घोंगड्यांपुरता नाहीं. २०१९-२० च्या अखिल भारतीय हातमाग गणनेप्रमाणें या धंद्यांत ३५ लाखांहून अधिक माणसें आहेत व त्यांत सुमारें ७२ टक्के स्त्रिया आहेत. त्यांच्यासाठीं ७ ऑगस्ट हा दिवस २०१५ पासून राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळतात. दिवस पाळणें चांगलें. पण वस्तु ओळखतां येणें त्याहून आवश्यक. आपल्या घरोघरीं असलेली सोलापुरी चादर पूर्वीं हातमागावर होत असे. आज ती बहुतेक यंत्रमागावर होते. तिला मिळालेलें भौगोलिक मानांकन ती कोठली हें सांगतें, हातानें विणली किंवा नाहीं हें सांगत नाहीं. हातमागाच्या कापडासाठीं २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ ही निराळी खूण आहे.

आतां माझी सूचना. आपल्या वसतिगृहांत दर वर्षीं नव्या मुलांसाठीं अंथरुणें-पांघरुणें घेतलीं जातात व तीं सर्वांत कमी दर देणाऱ्याकडून घेतलीं जातात. यंदा त्यांपैकीं निदान वीस घोंगड्या आपल्या भागांतील विणकरांकडून घ्याव्या. मागणी जून महिन्यांत नोंदवावी, निम्मी रक्कम तेव्हांच द्यावी व माल दिवाळीनंतर घ्यावा. घोंगडी टोंचते, रोज धुतां येत नाहीं, नीट ठेवली नाहीं तर तिला कसर लागते, हे दोष मी लपवीत नाहीं. म्हणून ती खालीं अंथरावी व वर सुती चादर घालावी. उन्हाळ्यांत ऊन देऊन वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यांत ठेवावी. खर्च थोडा वाढेल. त्यासाठीं स्नेहसंमेलनाच्या मंडपाची प्लॅस्टिकची सजावट एक वर्ष कमी केली, तर शोभा उणी होईल असें मला वाटत नाहीं.

आणि तुम्हीं घरीं इतकेंच करावें. नवी सतरंजी, टोपली वा माठ घेतांना “कितीला?” असें विचारण्यापूर्वीं “करायला किती दिवस लागले?” असें विचारावें. उत्तर ऐकल्यावर घासाघीस करण्यास जीभ सहसा वळत नाहीं, हा माझा अनुभव आहे. ते वृद्ध विणकर मला पुन्हां त्या बाजारांत भेटले नाहींत. त्यांचे तीनशें रुपये माझ्याकडे राहिले आहेत. वीस घोंगड्यांपैकीं पहिलीच्या आगाऊ रकमेसाठीं ते मीं व्यवस्थापकांकडे भरले आहेत. आतां ही सूचना तरी भिजत पडूं नये, एवढीच विनंती आहे.