दिव्याखाली अंधार

शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला यंत्रातले काही कळू नये, असा जणू नियमच आहे. आणि तो मी आजवर मोठ्या निष्ठेने पाळत आलो आहे. भोरला आमच्या घरी राऊटर नावाची डबी आली, तेव्हा तिचे लुकलुकणारे दिवे पाहून "वा! बारा महिने दिवाळी!" एवढाच शेरा मी मारला होता. त्या दिव्यांनाही काही बोलायचे असते, हे मला गेल्या जुलैत कळले.

त्या दिवशी सकाळी नऊला माझी एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन दारात उभी राहिली. गाव वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या पायथ्याशी. (तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण जिभेची सवय जात नाही.) नसरापूर, कापूरहोळ असा वळसा घेत, दोन एस. टी. बदलून दोघे आली होती. भातलावणीचे दिवस, धो धो पाऊस, आणि वडील खाचरातले काम टाकून आलेले. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी पसंतीक्रमाचा अर्ज भरण्याची ती शेवटची तारीख होती आणि मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. गावात तीन दिवस मोबाईलला रेंज नव्हती.

"सर, तुमच्याकडं वायफाय हाय म्हनं," वडील म्हणाले.

"आहे तर!" मी ऐटीत म्हणालो.

भाटघरसारखे धरण आणि त्याच्या पायथ्याशी वीजघर, असे भाग्य लाभलेल्या आमच्या गावातली वीज रात्रीच गेली होती. त्यामुळे बाजारातली अर्ज भरून देणारी दुकाने बंद होती. मोबाईलवर बोलणे कसेबसे होई, पण साधे संकेतस्थळ उघडत नव्हते. आमच्याकडे इन्व्हर्टर होता. मुलीने संगणक उघडला. वायफाय जोडले गेले, पण इंटरनेट नाही!

येथे माझ्या अज्ञानाचा पहिला पापुद्रा निघाला. वायफाय म्हणजेच इंटरनेट, अशी माझी भाबडी समजूत. आमच्या चिरंजीवांनी ती दूर केली. वायफाय हा केवळ डबीपासून संगणकापर्यंतचा बिनतारी रस्ता. इंटरनेट येते ते बाहेरून, तारेतून. घागर आणि नळ यांच्यात कितीही सख्य असले, तरी टाकीत पाणी नसेल तर घागर कोरडीच!

मग उपचार सुरू झाले. फोन जोडून पाहिला, तोही कोरडा. म्हणजे दोष संगणकाचा नव्हता. डबी बंद केली, अर्धा मिनिट थांबलो, पुन्हा चालू केली आणि पाच मिनिटे वाट पाहिली. विजेचा दिवा हिरवा, वायफायचा हिरवा, पण एक दिवा तांबडा लुकलुकत राहिला. त्याखाली लिहिले होते 'लॉस'. मराठीच्या प्राध्यापकाने त्याचा अर्थ अर्थातच 'तोटा' असा केला! वस्तुतः ती आद्याक्षरे. बाहेरून येणारा प्रकाश डबीपर्यंत पोचत नाही, असे ती बिचारी परोपरीने सांगत होती.

कंपनीला फोन केला. तिकडे बराच वेळ संगीत वाजले. मी पावसाला, कंपनीला आणि एकूण जमान्याला नावे ठेवली. चिरंजीव टाचणी घेऊन डबीच्या मागच्या बारीक भोकाकडे सरसावले, तेव्हा सौभाग्यवतींनी त्यांचा हात धरला. तो उपाय अगदी शेवटचा. त्याने डबीत भरलेले खात्याचे नाव आणि संकेतशब्दही पुसले जाऊ शकतात. घड्याळात साडेबारा झाले होते. मुलगी काही बोलत नव्हती. पसंतीची यादी लिहिलेला कागद तेवढा पुन्हा पुन्हा घडी करीत होती.

इतका वेळ वडील कोपऱ्यात गप्प उभे होते. ते हळूच म्हणाले, "सर, रागावू नका. खाचरात पानी येत न्हाई म्हनल्यावर आमी पाटाच्या कडंकडंनं जातो. कुठंतरी बुजल्यालं असतं." आणि त्यांनी ती बारीक तार डबीपासून बोटाने चाचपत नेली. खिडकी, कोपरा आणि मग माझे पुस्तकांचे कपाट. "हितं दबलीया," ते म्हणाले.

मी चपापलो. आदल्या संध्याकाळी छत गळू लागले, म्हणून ते कपाट मीच या भिंतीला सरकवले होते. आत दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात जाडजूड खंड! कपाट चौघांनी ओढले. मागे तार काटकोनात मुडपली होती. ती अलगद मोकळी केली. मिनिटाभरात तांबडा दिवा मावळला, हिरवा स्थिरावला.

त्या तारेत तांबे नसते. केसाइतका बारीक काचेचा धागा असतो आणि त्यातून प्रकाश आतल्या आत परावर्तित होत धावतो. धागा सौम्यपणे वळला तर प्रकाशही वळतो. पण तीव्र मुडपला की बाहेर सांडतो. अशा काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठवता येते, हे पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासह १९५४ साली लंडनमध्ये दाखविले. त्याच तंतूंतून दूरवर संदेश धाडता येतील, हे १९६६ साली मांडणाऱ्या चार्ल्स काओंना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एवढी थोर परंपरा मी शब्दकोशाखाली चिरडली होती! (एक सावधगिरी मात्र बाळगा: तार निसटली तर तिच्या टोकाला डोळा लावून पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.)

सव्वादोनला अर्ज गेला. वडील चहालाही थांबले नाहीत. लावणीची माणसे शेतात होती. मुलगी आज पुण्यात शिकते आहे. "कंपनीचाच दोष" असे मी तिच्यासमोर तीन तास म्हणत होतो. ते शब्द मागे घ्यायचे मात्र राहूनच गेले.

दिवाळीच्या साफसफाईत सौभाग्यवती म्हणाल्या, "कपाट भिंतीला सरकवा की, मागे केर साठतो."

कपाट आणि भिंत यांच्यात एक वीत अंतर आहे. मी म्हटले, "राहू दे. मी रोज काढीन."