माग काढणाऱ्या पट्ट्या आणि आपण
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयात एक समजूत चांगलीच रुजलेली आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने कविता करावी, नाटकात काम करावे, वादविवादात बक्षिसे आणावीत, फार तर स्पर्धापरीक्षेची पुस्तके वाचावीत. पण विज्ञानाच्या दारात उभे राहू नये. ही समजूत बाहेरच्यांनी आपल्यावर लादली असे मी म्हणणार नाही. तिला खतपाणी आपणच घालतो. परीक्षेत गणित सुटले याचा आनंद आपण इतका मोठ्याने साजरा करतो, की त्याबरोबर आणखी काय काय सुटले याचा हिशेब कोणी मांडत नाही.

मीही मांडला नव्हता. गेल्या वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास पुण्यातल्या एका संशोधनसंस्थेने सर्वांना दारे खुली केली होती. मैत्रिणीच्या आग्रहाखातर मी गेले. एका टेबलावर प्लॅस्टिकच्या डबीत सिलिकॉनचा एक चौकोनी तुकडा ठेवला होता. आरशासारखा चकचकीत आणि बारीक समांतर रेघा असलेला. मी वाकून पाहत होते. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी विचारले, "कोणती शाखा?" मी सांगितले. "मग तुम्हाला काय करायचंय? जरा पुढं व्हा, या मुलांना बघू द्या." आणि मी खरोखरच पुढे झाले! राग आला तो परतीच्या बसमध्ये, आणि तो त्या गृहस्थांचा नव्हे, माझाच. मी पुढे का झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या तुकड्याविषयी जे वाचले आणि जे वाटले, ते वाचकांपुढे ठेवत आहे.

तो तुकडा म्हणजे मूलकणांचा माग काढणारा डिटेक्टर. मूलकण डोळ्यांना दिसत नाही. पण विद्युत्भारित कण सिलिकॉनमधून आरपार गेला, की वाटेत इलेक्ट्रॉन मोकळे करत जातो. ०.३ मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातून जाताना असे वीस-बावीस हजार इलेक्ट्रॉन सुटतात. हा आकडा मोठा वाटतो, पण सिलिकॉनमध्ये मुळातच त्याहून कितीतरी अधिक विद्युत्भार इकडून तिकडे हिंडत असतो. त्या गर्दीत हे बिचारे हरवून जातील. म्हणून उलटा विद्युत्दाब देऊन तुकडा आधी रिकामा करतात. अंगण सारवून ठेवले म्हणजेच पाऊल उमटलेले दिसते, तसेच हे.

आता पाऊल कोठे उमटले ते कसे कळायचे? त्यासाठी त्या रेघा. केसाएवढ्या अंतरावर आखलेल्या शेकडो पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला स्वतंत्र जोडणी. वाड्याच्या माजघरात ओळीने अंथरुणे घातलेली असावीत, अंधारात कोणी तरी चालत जावे, आणि ज्याच्या पायावर पाय पडला तो ओरडावा. ओरडणारा कोण यावरून चालणारा कोठून गेला ते समजते. एकामागे एक असे अनेक थर ठेवले, की ठिपके जोडून वाट काढता येते. भोवती चुंबकीय क्षेत्र असले तर ती वाट वळते, आणि वळणावरून कणाचा संवेग मोजता येतो. १९८० साली जर्मनीत योसेफ केमर यांनी इलेक्ट्रॉनिक चिप बनवण्याची रीत अशा डिटेक्टरसाठी वापरून दाखवली, आणि तेव्हापासून हे शास्त्र वाढत गेले. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सीएमएस नावाचा जो प्रयोग चालतो, त्याच्या पोटात आज सुमारे २०० चौरस मीटर सिलिकॉन आणि नव्वद लाखांहून अधिक पट्ट्या आहेत.

इथवर वाचून कोणी म्हणेल, "ठीक आहे, हुशार लोकांनी हुशार यंत्र केले, यात मत मांडण्यासारखे काय आहे?" मला जे म्हणायचे आहे ते या यंत्राच्या रचनेविषयी आहे, कारण ती रचना म्हणजे अखंड तडजोड आहे. तुकडा जाड करावा तर संकेत जोरकस मिळतो. पण जाड तुकडा कणालाच धक्का देतो आणि त्याची वाट बिघडवतो. पातळ करावा तर कणाला त्रास कमी, पण संकेत क्षीण. पट्ट्या दाट आखाव्यात तर जागा नेमकी कळते. पण जोडण्या वाढतात, वीज वाढते, उष्णता वाढते, ती काढून न्यायला नळ्या लागतात, आणि त्या नळ्याही पुन्हा कणाच्या वाटेत आडव्या येतात. संकेताची मर्यादा खाली ठेवावी तर यंत्र उगाच 'चोर, चोर' म्हणून ओरडते. वर ठेवावी तर खरा चोर निसटतो. शिवाय ज्या कणांची साक्ष द्यायची, त्यांच्याच माऱ्याने हा साक्षीदार वर्षानुवर्षे झिजत जातो. थोडक्यात, साक्षीदाराने सगळे पाहावे, पण घटनेत ढवळाढवळ करू नये. ही अट ऐकून समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला काहीच आठवत नाही काय? प्रश्नावली घेऊन वस्तीत जाणाऱ्याला हीच अडचण येत नाही काय?

आणखी एक गोष्ट सांगते. जपानमधील त्सुकुबा येथे बेल-२ हा प्रयोग चालतो. तेथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवून 'बी मेसॉन' नावाचे कण निर्माण करतात. हा कण जगतो सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या दीडपट काळ. तेवढ्या आयुष्यात तो डिटेक्टरपर्यंत पोचतच नाही! मिळतात ती त्याच्या विघटनातून निघालेल्या कणांची पावले. ती मागे मागे नेत जायची; जेथे ती एकमेकांना मिळतात तेथे तो होता, असे म्हणायचे. जोडीने जन्मलेल्या दोन बी मेसॉनांच्या मरणस्थळांत सरासरी मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढेच अंतर असते, आणि तेही मोजायचे असते.

मी तर्कशास्त्राची विद्यार्थिनी आहे. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातले उदाहरण आम्ही पहिल्याच वर्षी घोकले. बी मेसॉनची ही हकीकत वाचली आणि वाटले, हे तर अनुमानच आहे. फक्त धूर मायक्रॉनमध्ये मोजलेला! इतिहासाचे विद्यार्थी म्हणतील, हे आमचे काम. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत हिंडले ते कशासाठी? घटना होऊन गेली, पाहणारे गेले, उरले ते कागद. कागद कोठला, कोणाच्या हातचा, कोणत्या दिवसाचा, हे आधी ठरवायचे आणि मगच त्याची साक्ष काढायची. डिटेक्टरचेही तसेच आहे. प्रत्येक तुकडा नेमका कोठे बसला आहे हे मायक्रॉनपर्यंत ठाऊक नसेल तर त्याची साक्ष खोटी ठरते. म्हणून कणांच्या हजारो वाटा जुळवून तुकड्यांच्या जागा पुन्हा पुन्हा तपासतात. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या दालनात आणि त्सुकुबाच्या भुयारात एकच प्रश्न विचारला जातो: हे तुला कशावरून ठाऊक? हा प्रश्न आपला नाही, असे म्हणण्याची कोणाची हिंमत आहे?

आता आपल्या लोकांच्या हातांविषयी. बेल-२ मध्ये या पट्ट्यांचे चार थर आहेत. त्यांपैकी एका थराची जबाबदारी मुंबईत कुलाब्याला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घेतली, आणि तिच्या माणसांनी जपानमध्ये राहून तो जोडला. त्या थरात दहा शिड्या, आणि प्रत्येक शिडीत तीन तुकडे. तुकड्यांच्या दोन्ही अंगांना पट्ट्या. एका अंगाच्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. दोन्ही अंगांना चिपा आणि नळ्या लावल्या असत्या तर कणांच्या वाटेत भारच भार झाला असता. म्हणून लवचिक तारपट्टी कडेवरून दुमडून पलीकडचा संकेत अलीकडे आणला, म्हणजे सगळ्या चिपा एकाच अंगाला बसल्या आणि थंडाव्याची नळी एकच पुरली. या युक्तीचे नावच 'ओरिगामी'. कागदाचे पक्षी करण्याची ती जपानी कला! सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक ॲल्युमिनियमच्या तारांनी एकेक पट्टी जोडत हे काम झाले. २०१८ साली डिटेक्टर प्रयोगात बसला आणि २०१९ पासून साक्ष देऊ लागला. त्याआधी सीएमएससाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात सुमारे हजार सिलिकॉन तुकडे करवून घेतले होते. प्रत्येकावर ३२ पट्ट्या.

यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय? २०१२ साली हिग्ज कण सापडला तेव्हा सिद्धांत मांडणाऱ्यांची छायाचित्रे आपण पाहिली. तो मान योग्यच होता. पण तार जोडणाऱ्या हातांची आठवण कोणी काढली? बोलणाऱ्याला हार आणि करणाऱ्याला चहा, ही आपली जुनी खोड आहे. यंत्र घडवणे म्हणजे बुद्धीचे दुय्यम काम, असे आपण मानतो. वर सांगितलेल्या तडजोडी वाचून तरी हे मत बदलावे, अशी माझी विनंती आहे.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. खेड्यातल्या शाळेचे छप्पर गळत असताना या पट्ट्या कशाला? मी या प्रश्नाची टिंगल करणार नाही. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे आणि त्यासाठी वर्गणी भरतो. ती तुमच्या-माझ्या घरातूनच जाते. तेव्हा हिशेब विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. पण ज्याला वस्तू काय आहे हेच ठाऊक नाही, तो हिशेब काय विचारणार? त्याने होकार दिला तर तो भोळेपणा, आणि नकार दिला तर तो अडाणीपणा. अर्थशास्त्राच्या वर्गात या खर्चाची चर्चा व्हावी, कडाक्याची व्हावी. पण आधी पट्टी समजून घेऊन व्हावी. माझे स्वतःचे मत खर्चाच्या बाजूने आहे. नेमकेपणाने काम करायला शिकलेले हात ही देशाची कमाईच आहे, आणि ते हात एकदा मोडले तर बाजारात विकत मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट भाषेची. त्या टेबलामागचा संशोधक विद्यार्थी मराठीच होता, पण मराठीत सांगताना पावलोपावली अडखळत होता. दोष त्याचा एकट्याचा नाही. ज्यांना भाषा येते ते विज्ञान ऐकत नाहीत, आणि ज्यांना विज्ञान येते त्यांना मराठीत कोणी विचारत नाही. ही दरी कोणी बुजवायची? मला वाटते, सुरुवात आपण करावी. वर्षातून दोन व्याख्याने विज्ञानाच्या माणसांची, मराठीत, आपल्याच सभागृहात ठेवावीत. आणि प्रश्न आपण विचारावेत, न लाजता. आपल्या प्राध्यापकवर्गाने मनावर घेतले तर हे अवघड नाही.

असो. यंदाही ती दारे उघडतील. मी जाणार आहे, आणि टेबलापाशी उभी राहणार आहे. कोणी शाखा विचारली तर सांगेन, "काय करायचंय?" असे विचारले तर म्हणेन, "हे तुम्हाला कशावरून ठाऊक, एवढेच विचारायचे आहे." पुढे मात्र होणार नाही. तुमच्यापैकी कोणी बरोबर येणार आहे काय?