दरबार आणि परिषद

लोकप्रतिनिधींचा 'जनता दरबार' भरल्याची बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. एकेका शब्दाच्या व्युत्पत्तीवर तासच्या तास खर्ची घालणाऱ्या आम्हां मराठीच्या मास्तरांनाही त्यात काही खटकत नाही. दरबार राजाचा असतो. तेथे माणूस अर्ज घेऊन एकटा येतो नि एकटाच परततो. शेजारी ताटकळणाऱ्याचा अर्जही त्याच पाण्याविषयी आहे, हे त्याला कळण्याची सोय तेथे नसते.

गंमत अशी, की साताऱ्या-सांगलीच्या याच मुलुखात एका खऱ्याखुऱ्या राजाने सत्ता सोडली होती. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना दिली. चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि पोलंडचे मॉरिस फ्रिडमन त्यामागे होते. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांतून तालुका सभा, तिच्यातून विधिमंडळ. इवलेसे, विखुरलेले संस्थान. आटपाडी हा त्याचाच एक तुकडा. म्हणजे राजा दरबाराकडून पंचायतीकडे गेला, आणि आमचे निवडून आलेले पंचायतीकडून दरबाराकडे निघाले आहेत.

आटपाडी म्हटले की आम्हांला व्यंकटेश माडगूळकर आठवतात, आणि 'बनगरवाडी' (१९५५). दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन गाव सोडतात, मास्तरही निघतो. आम्ही येथेच पुस्तक मिटतो. पण त्याच माणदेशात १९९३ पासून पाणी परिषदा भरू लागल्या. त्यांच्या अग्रभागी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी होते: प्रतिसरकारातले सैनिक, पुढे विधानसभेवर निवडून गेलेले. शेजारच्या सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झालेले गणपतराव देशमुख होते, आणि कधीच आमदार नसलेले डॉ. भारत पाटणकर. मागणी 'आमच्या गावाला पाणी द्या' अशी नव्हती. जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाला कृष्णेच्या पाण्यात समान वाटा हवा, अशी होती. ही मागणी कोणत्याही दरबारात सुचणे शक्य नाही. अर्जदार एकमेकांशी बोलू लागले तरच ती जन्मते.

दरबारात लोकांची कामे होतात, हे खोटे नाही. जिचे निवृत्तिवेतन महिनोन् महिने अडले आहे त्या विधवेला परिषदेची वाट पाहा म्हणण्याचा निर्लज्जपणा आम्ही करणार नाही. पण ते काम तहसील कचेरीचे आहे, आमदाराचे नव्हे. तासगावच्या आर. आर. पाटलांनी ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले, तेव्हा गावाच्या हाती अर्जाऐवजी खराटा आला. बक्षिसांच्या स्पर्धेने त्यात थोडा उरूस मिसळला, हे आमचे मत. तरीही दरबारापेक्षा ती वाट सरस होती.

आमचा दोष वेगळाच. राजकारण म्हणून आम्ही 'सिंहासन' शिकवतो, म्हणजे डावपेच शिकवतो. माणसे एकत्र बसवणे हेही राजकारणच, हे अभ्यासक्रमात येत नाही. मागे एका विद्यार्थ्याने 'बनगरवाडी'वरील उत्तरात पाणी परिषदेविषयी दीड पान लिहिले होते. समासात लाल शाईने 'विषयांतर' असा शेरा पडला. तो आमच्यापैकीच एकाने दिला होता.