लिलाव म्हटलं की आपल्या पोटात गोळा का येतो?



आपल्याकडे ‘लिलाव’ हा शब्द अजूनही खालच्या आवाजात उच्चारतात. लिलाव म्हणजे जप्ती, सावकार, दारात उभा बेलिफ आणि गल्लीभर झालेली शोभा. बडोद्यात आपल्याला पाच-सहा पिढ्या झाल्या, भाजीवाल्याशीच काय, घरातही आपण अर्धं गुजराती बोलतो, पण ही धास्ती मात्र देशावरून आणली तशीच जपून ठेवली आहे. म्हणून जुनं घर मोकळं करायची वेळ आली की भर दुपारी, आळी झोपलेली असताना, भंगारवाल्याचा टेम्पो मागच्या दाराशी लागतो. बंब, घंगाळं, पराती, समया सगळं काट्यावर चढतं. कागद पस्तीवाला नेतो, कोरीव खांब आणि दारं जुनं लाकूड घेणारा नेतो. संध्याकाळी शेजारणीने विचारलं तर आपण म्हणतो, ‘‘काही नाही हो, जरा साफसफाई.’’

मला ही साफसफाई मान्य नाही. ठेवायला जागा नसेल, मुलं परदेशात असतील, तर वस्तू विकण्यात गैर काहीच नाही. पण विकायचं तर उघड विकावं, यादी करून, फोटो काढून, चारजणांच्या बोलीवर. म्हणजे लिलावातच.

आमचं रावपुऱ्यातलं घर बिल्डरला द्यायचं ठरलं तेव्हा हाच वाद झाला. दादा न्यू जर्सीला, ताई इंदूरला दिलेली, मी इथे, आणि सगळ्यांच्या वर आत्या, वय ८६. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला, त्याने दहा मिनिटांत घर फिरून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘बेन, बधुं लई जईश, पांत्रीस हजार रोकडा.’’ सगळ्याचे मिळून उक्ते पस्तीस हजार! उक्त्या सौद्यात कुठली वस्तू कितीला गेली हे घरच्यांना कधीच कळत नाही, आणि व्यापाऱ्याला तेच हवं असतं. मी मुंबईच्या एका लिलाव कंपनीचं नाव काढलं तर आत्या कडाडली, ‘‘दिवाळं निघालंय का आपलं?’’

मी तिला मोत्यांच्या गालिच्याची आठवण करून दिली. खंडेराव महाराजांनी करवून घेतलेला तो गालिचा २००९ साली दोह्याला सदबीजच्या लिलावात गेला, सुमारे ५५ लाख डॉलरला. त्यावरून गायकवाडांचं दिवाळं निघालं असं कोणी म्हटलं नाही. अगदी अलीकडचं सांगायचं तर नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार. २०२५ साली ती लंडनला लिलावात आली आणि महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाख रुपये मोजून परत आणली. हे शक्य झालं कारण तलवारीचं वर्णन कॅटलॉगमध्ये छापलेलं होतं, सगळ्यांना वाचता येत होतं. तीच तलवार दोघांच्यात गुपचूप विकली गेली असती तर आपल्याला पत्ताही लागला नसता.

आता लिलाववाले म्हणजे साधुसंत नव्हेत, तेही सांगते. आधी ते फोटो मागवतात आणि अंदाजे किंमत सांगतात, अमुकपासून तमुकपर्यंत. त्याखाली एक किमान किंमत ठरते, बोली तिथवर पोचली नाही तर वस्तू विकली जात नाही. हा आकडा लेखी घ्या. आणि समजा हातोडा एक लाखावर पडला, तर तुमच्या हातात एक लाख येत नाहीत. कमिशन १० टक्के ठरलं असेल तर दहा हजार ते, त्यावर १८ टक्के जीएसटीचे अठराशे, राहिले ८८,२००. वाहतूक, विमा, फोटो यांचा खर्च काही ठिकाणी वेगळा लावतात. घेणाऱ्याकडूनही हातोड्याच्या किमतीवर वेगळी टक्केवारी वसूल होते, आणि पेपरात छापून येणारा आकडा बहुतेक वेळा ती धरूनच असतो. तेव्हा पेपर वाचून आपल्या समईची किंमत लावत बसू नये. कमिशनची घासाघीस होते, करावी. भाजी घेताना करतोच की आपण.

शिवाय मोठ्या कंपन्यांना चित्रं, दागिने, नामवंत वस्तू हव्या असतात. आमच्या बंबाकडे त्यांनी पाहिलंही नाही. घरगुती सामानासाठी वेगळी, लहान लिलावघरं शोधावी लागतात. कोलकात्याला रसेल स्ट्रीटवर १९४० पासून चालत आलेलं रसेल एक्स्चेंज आहे, तिथे कपाटं, आरसे, झुंबरं, कपबश्यासुद्धा बोलीवर जातात. असं एखादं ठिकाण बडोद्याला असायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं. इथल्या वाड्यांमधून किती सामान वजनावर गेलंय!

आणि एक विनंती. कोणी बघायला येणार म्हणून पितळ-तांबं चिंच लावून घासू नका. शंभर वर्षांचा काळपटपणा ही घेणाऱ्याच्या दृष्टीने त्या वस्तूची साक्ष असते. आमच्या वहिनीने पितांबरीचा डबा काढलाच होता, वेळेवर अडवलं.

राजा रविवर्म्याबद्दल न बोलता बडोद्याचा माणूस राहीलच कसा. सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी इथे चित्रं काढली, त्यामुळे प्रत्येक जुन्या घरात ‘आमच्याकडचं अस्सल आहे, राजवाड्यातून आलेलं’ ही कथा असतेच. आमच्याकडे सरस्वती होती. भिंग धरलं की छपाईचे बारीक ठिपके दिसतात, म्हणजे ते छापील चित्र, ओलिओग्राफ. १८९४ साली मुंबईत निघालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला त्यांचा छापखाना अशी चित्रं घराघरांत पोचवत होता. छापखान्याचं नाव खालच्या पट्टीवर असतं, फ्रेमवाले ती पट्टी कापून टाकतात. आत्याचा चेहरा उतरला. पण गंमत पुढे आहे. आमच्या पणजीने त्या सरस्वतीच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या शिवल्या होत्या. मला वाटलं, चित्र खराब केलं म्हणून नाकारतील. उलट त्या टिकल्यांसाठीच दोघांत बोली चढत गेली. कॅटलॉगमध्ये ‘बडोद्याच्या मराठी कुटुंबातून’ एवढंच छापलं, पण शिवणकाम घरातल्या बाईचं हेही छापलं. भंगारवाल्याने काच वेगळी काढून घेतली असती.

कायद्याचं दादाला नीट समजवावं लागलं. त्याला घरातले पितळी देव बॅगेत घालून न्यायचे होते. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, महत्त्वाच्या हस्तलिखितांना तर ७५ वर्षांचीच मर्यादा. जुन्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या यांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते, मालक बदलला तर कळवावं लागतं. देशात विकायला हरकत नाही, पण असा धंदा करणाऱ्याकडे परवाना हवा. तो बघायला मागा, लाजू नका. हस्तिदंती सोंगट्या आणि आजोबांचं संध्येचं मृगाजिन यांचा तर विषयच नको, वन्यजीव कायद्याखाली त्यांची विक्री बंद आहे.

चांदीच्या टाकांवरून मात्र खरं भांडण झालं. लिलाववाल्यांना ते हवे होते, मागणी चांगली आहे म्हणाले. ताईचं म्हणणं, इतकं सगळं विकलं तर हेच का नको? तिच्या प्रश्नाला माझ्याकडे तर्काचं उत्तर नव्हतं, आजही नाही. खंडोबा आणि भवानी बोलीवर चढवायचे नाहीत, एवढंच मी म्हणत राहिले. शेवटी जुने टाक माझ्याकडे राहिले. दादाने इथल्या सोनाराकडून नवे करून घेतले, जेजुरीला भेटवून आणले आणि तेच नेले.

कागदांबाबत माझं मत आणखी कडक आहे. मोडी कागद, हिशोबाच्या वह्या, जुनी पत्रं लिलावातही देऊ नयेत. तिथे ती सुटी होतात, एक पत्र एकाकडे, दुसरं दुसरीकडे. आपल्या बडोद्याचं प्राच्यविद्या मंदिर आहे, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे विचारावं. आम्ही आधी सगळ्यांचे फोटो काढले आणि मग गठ्ठा अखंड सोपवण्याबद्दल बोलणी सुरू केली.

दीड-दोन महिन्यांनी पैसे आले, सोबत प्रत्येक वस्तूपुढे आकडा, कमिशन, कर, बाकी असा कागद. तोच कागद मी तिघांना आणि आत्याला पाठवला. शेजारच्या घरात सख्खे भाऊ एका झुंबरावरून बोलत नाहीत, कारण ते कोणी, कधी, कितीला विकलं याचा कागदच नाही. आमच्याकडे ताईने फक्त विचारलं, ‘‘पानाचा डबा एवढ्यालाच गेला होय?’’ आणि विषय संपला.

संखेड्याचा झोपाळा तेवढा किमान किमतीला पोचला नाही. मुंबईहून परत आला, जाण्यायेण्याचं भाडं आमच्याच माथी. आता तो ताईच्या इंदूरच्या फ्लॅटमध्ये अर्धा हॉल अडवून बसलाय. भावोजी रोज कुरकुर करतात आणि दुपारी त्याच्यावरच झोपतात.