तरतूद आमच्या नावावर, खर्च कोणाच्या दारात?

केंद्राचा अर्थसंकल्प संसदेत मांडला गेला की दोन दिवस टीव्हीवर एकच चर्चा चालते. काय स्वस्त झाले, काय महागले, आयकराची मर्यादा किती वाढली, शेअर बाजार किती उसळला. आमच्या वस्तीतला माणूस थोडा वेळ ऐकतो आणि टीव्ही बंद करतो. त्याला आयकर लागत नाही, शेअर बाजाराशी त्याचा संबंध नाही. अर्थसंकल्प हा मोठ्या लोकांचा मामला, अशी त्याची समजूत होते. ही समजूत राज्यकर्त्यांच्या सोयीची आहे. कारण त्याच अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत आमच्या नावाचे एक स्वतंत्र विवरणपत्र असते. त्याचा क्रमांक 10-अ. देशभरातील अनुसूचित जातींसाठी कोणते मंत्रालय किती पैसा ठेवते, ते त्यात लिहिलेले असते. हे पान आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिले आहे?

ज्या महामानवाने 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर आणि 1925 साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिले, त्याच्या अनुयायांनी अर्थसंकल्प न वाचावा, ही शरमेची गोष्ट आहे. 24 फेब्रुवारी 1927 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले होते. उत्पन्न नसेल तर आयकर भरावा लागत नाही, पण शेतकऱ्याचे उत्पन्न कितीही तुटपुंजे असो, त्याला सारा चुकत नाही, हा अन्याय त्यांनी सभागृहापुढे मांडला. कोणाकडून किती घेतले जाते आणि कोणाला किती दिले जाते, यात राज्याची नियत दिसते, ही दृष्टी त्यांनी आपल्याला दिली. त्याच दृष्टीने 10-अ वाचले पाहिजे.

या विवरणपत्रामागे 1979-80 पासूनचा इतिहास आहे. विकासाचा पैसा आमच्या वस्तीपर्यंत पोचत नाही, हे सरकारला तेव्हा मान्य करावे लागले आणि विशेष घटक योजना सुरू झाली. पुढे तिला अनुसूचित जाती उपयोजना म्हटले गेले. तत्त्व सरळ होते. लोकसंख्येत वाटा जितका, तितकाच योजना खर्चात वाटा. हा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही आणि वर्ष संपले म्हणून बुडू द्यायचा नाही. हिशेबात तो वेगळा दिसावा म्हणून 789 क्रमांकाचे लेखाशीर्ष ठरवले. कोणत्या मंत्रालयाने किती टक्के ठेवावेत, हे ठरवण्यासाठी 2010 साली डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली नियोजन आयोगाने कृतिदल नेमले. 2017-18 च्या अर्थसंकल्पापासून योजना खर्च आणि योजनेतर खर्च हा भेदच संपवण्यात आला. ज्या मापाने आपला वाटा मोजला जात होता, ते मापच गेले.

2011 च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या 16.6 टक्के आहे. 2025-26 चा केंद्राचा अर्थसंकल्प सुमारे 50 लाख 65 हजार कोटींचा होता. त्यात अनुसूचित जातींच्या नावे दाखवलेली रक्कम सुमारे 1 लाख 68 हजार कोटी, म्हणजे शंभर रुपयांत साडेतीन रुपयेही नाहीत. अधिकारी सांगतील की व्याज, संरक्षण, पेन्शन हा खर्च जातवार वाटता येत नाही, म्हणून संपूर्ण अर्थसंकल्पाशी तुलना चुकीची आहे. हे काही अंशी खरे आहे. ठीक आहे, तुलना सोडून देऊ. जी रक्कम आमच्या नावे लिहिली आहे, ती तरी आमची आहे का?

युरियाच्या अनुदानाचे उदाहरण घ्या. खतावरील अनुदानाचा काही भाग अनुसूचित जातींच्या खात्यात दाखवला गेला आहे. खताचे अनुदान जमिनीला मिळते. ज्याची जमीन जास्त, त्याच्या गोण्या जास्त. 2011 च्या जनगणनेत शेतीत राबणाऱ्या अनुसूचित जातींच्या लोकांपैकी सुमारे 71 टक्के शेतमजूर होते. आमच्या शेळगावच्या परिसरात बारामती-इंदापूरच्या पट्ट्यातून नीरा डावा कालवा वाहतो. कालव्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा आहे. त्या उसात खत टाकणारे हात आमचे, पण सात-बारा दुसऱ्याचा. मग गोणीवरचे अनुदान आमच्या खात्यात कसे जमा होते?

हा डाव एकाच पक्षाचा आहे, असे कोणी समजू नये. 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी दिल्लीत याच उपयोजनेतील शेकडो कोटी वळवले गेले. तेव्हा दिल्लीत आणि केंद्रात काँग्रेसची सत्ता होती. महाराष्ट्रात मे 2025 मध्ये महायुतीच्या सरकारने लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख वळवले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्र्यालाच आपल्या विभागाचा पैसा राखता येत नसेल, तर वस्तीतल्या माणसाने कोणाकडे पाहावे?

यावर उत्तर तयार असते : लाभार्थींमध्ये तुमच्याही बहिणी आहेत. आम्ही वकील आहोत, युक्तिवाद तपासणे हा आमचा व्यवसाय आहे. आमची बहीण महिना दीड हजार रुपये घेते ती या राज्याची नागरिक म्हणून. शेजारच्या गल्लीतली बहीणही तेच घेते. तिचे पैसे सर्वसाधारण तिजोरीतून आणि आमच्या बहिणीचे मात्र तिच्याच मुलाच्या वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या खात्यातून, असे का? सर्वांना मिळणारे आम्हालाही मिळाले, तर तो आमचा सामान्य हक्क. उपयोजना त्याच्या वरची आहे. ती शतकांची तूट भरून काढण्यासाठी आहे. एका हक्काची किंमत दुसऱ्या हक्कातून कापून घेणे याला सामाजिक न्याय म्हणत नाहीत.

दुसरा बहाणा असतो तो पैसा खर्चच होत नाही, हा. का होत नाही? कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना 2004 पासून आहे. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची. 2018 च्या शासन निर्णयाने खरेदीची कमाल मर्यादा एकरी जिरायतीला पाच लाख आणि बागायतीला आठ लाख केली. कालव्याखालची बागायत एकरी आठ लाखांत विकायला कोण बसला आहे? अशा अटी घालायच्या की जमीन मिळणारच नाही, आणि मग म्हणायचे की निधी पडून राहिला, म्हणून दुसरीकडे दिला.

मूळ दुखणे कायद्याचे आहे. ही उपयोजना केंद्रात मार्गदर्शक सूचनांवर चालते. अनुच्छेद 46 दुर्बल घटकांचे हित जपण्याचे कर्तव्य राज्यावर टाकतो, पण अनुच्छेद 37 मुळे त्यासाठी न्यायालयात थेट दाद मागता येत नाही. संसद किंवा विधिमंडळ रक्कम मंजूर करते, पण एकाच मागणीच्या आत ती इकडून तिकडे फिरवण्याचे अधिकार शासनाकडे राहतात. चोरवाट तिथे आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने 2013 मध्ये, तेलंगणाने 2017 मध्ये उपयोजनेचे कायदे केले. महाराष्ट्रात 2025 साली पैसा वळला तेव्हा असा कायदा नव्हता. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय इथे एकही भाषण सुरू होत नाही, पण त्या नावांना शोभेल असा कायदा करायला हात धजत नाही.

नुसता कायदाही पुरत नाही. कर्नाटकाच्या कायद्यात कलम 7(ड) ची पळवाट होती, ती 2023 मध्ये काढावी लागली. त्यानंतरही तिथल्या गॅरंटी योजनांसाठी उपयोजनेचा हजारो कोटींचा निधी लावला गेला. म्हणून कायद्यात शिक्षा हवी. निधी वळवणाऱ्या अधिकाऱ्यावर जबाबदारी हवी, अखर्चित रक्कम पुढील वर्षी जमा होण्याची सक्ती हवी, आणि सर्वसाधारण योजनेचा खर्च या खात्यात दाखवण्यास स्पष्ट मनाई हवी.

तोपर्यंत आपण काय करायचे? सुरुवात आपल्या गावापासून करायची. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे 15 टक्के आणि जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नाचे 20 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. शेळगाव असो की शेजारचे गाव, ग्रामसभेत उभे राहून विचारा : गेल्या तीन वर्षांत हे 15 टक्के किती झाले, कशावर गेले? समाजकल्याण विभागाकडून वस्ती विकासासाठी आलेला पैसा वस्तीच्या रस्त्यावर पडला की वस्तीचे नाव लावून दुसऱ्याच्या मळ्याकडे गेला? उत्तर मिळाले नाही तर 2005 चा माहितीचा अधिकार आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही लागत नाहीत.

बारामतीच्या भूमीतून या राज्याला अनेक वर्षे अर्थमंत्री मिळाला. त्याच भूमीतल्या वस्तीला आपल्या हक्काचा हिशेब विचारता येऊ नये, हे योग्य नाही. आपल्या तरुणांनी जयंतीची वर्गणी जितक्या चोखपणे लिहिली, तितक्या चोखपणे ग्रामपंचायतीचे जमाखर्च वाचले, तर तालुक्याला जाग येईल. मग जिल्हा नियोजन समिती, मग मंत्रालय, मग संसदेचे ते 10-अ. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे, तो आपला असो वा परका, हे पान ठेवा आणि विचारा, यातले आमच्या दारात किती आले?